खोक्यावरचा मजकूर खोक्यातच का राहतो?

प्रति,
काढणीनंतर फळांवर रसायनं लावणारे पॅकहाऊसचालक, ती फळं विकणारे व्यापारी आणि या सगळ्यांसाठी नियम करणारे अन्न सुरक्षा अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी मी एक साधा प्रश्न विचारला होता. मला लिंबाची साल किसून वापरायची होती, म्हणून विक्रेत्याला लिहून विचारलं, या लिंबांवर काढणीनंतर काय लावलंय? त्याने माझा प्रश्न पुरवठादाराकडे सरकवला, पुरवठादाराने अन्न सुरक्षा कार्यालयाकडे बोट दाखवलं. तीन स्मरणपत्रांनंतर तिथून एका ओळीचं उत्तर आलं : "सर्व अवशेष कायदेशीर मर्यादेत आहेत."

मी 'काय' असं विचारलं होतं. उत्तर 'किती'चं आलं, आणि तेही आकडा न देता.

मी गप्प बसले असते. पण हे उत्तर तुमच्याकडे तयार असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते लिहिण्याचं काम मी सहा वर्षं केलं आहे. लिंबूवर्गीय फळांच्या एका पॅकहाऊसमध्ये टाकीची नोंदवही माझ्याकडे होती. फळं आली की आधी पाण्यात पडायची, मग फिरत्या ब्रशांखालून धुऊन निघायची. त्या ब्रशांनी मातीबरोबर फळाचं स्वतःचं, निसर्गाने दिलेलं मेणही बरंचसं जायचं. पुढे बुरशीनाशकाची टाकी, मग मेणाचा फवारा, गरम हवेचा बोगदा, प्रतवारी आणि शेवटी पेटी. मी दर पाळीला लिहायचे : टाकी क्रमांक, औषधाचं नाव, किती लिटर पाण्यात किती, पाण्याचं तापमान, कोणत्या बागेचा माल, किती वाजता. रकाना चुकला तर साहेब पान परत पाठवायचे. म्हणजे प्रत्येक लॉटवर काय लागलंय याची तारीखवार, तासवार नोंद असते. ती नसती तर निर्यातच झाली नसती.

तेव्हा 'माहिती उपलब्ध नाही' हे कारण माझ्यासाठी तरी बाद आहे. ती पेटीपर्यंत येते आणि पेटीतच राहते, एवढीच अडचण आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगते, म्हणजे हे पत्र 'केमिकल'च्या नावाने बोंब मारणाऱ्यांच्या ढिगात जाणार नाही. फळांवर काही लावूच नये असं माझं म्हणणं नाही. पेनिसिलियम डिजिटॅटम या हिरव्या बुरशीने काय होतं ते मी पाहिलं आहे. सालीला नखाएवढी जखम असली तरी तिला पुरते. आधी पाणचट मऊ डाग, मग पांढरी बुरशी, मग मधोमध हिरवी भुकटी. पेटी हलवली की ती भुकटी धुरासारखी उडते आणि शेजारच्या सगळ्या फळांवर बसते. सफरचंदावरची तिची बहीण पेनिसिलियम एक्सपान्सम तर पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते इतकं गंभीर मानलं जातं की सफरचंदाच्या रसात त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जगात काढणीपासून दुकानापर्यंत पोहोचेतो सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, असा अन्न आणि कृषी संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. बुरशीनाशक उगाच आलेलं नाही.

पण ज्याचा उपयोग तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता, त्याचं नाव सांगायला का कचरता?

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार याच लपवाछपवीची आहे. लिंबूवर्गीय फळांच्या खोक्यावर अनेकदा बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'इमाझालिल, थायाबेंडाझोल यांची प्रक्रिया केलेली' (ही बुरशीनाशकांची नावं) आणि कधी कधी 'साल खाण्यासाठी नाही'. दुकानात खोका मागच्या बाजूला उघडतात, फळं टोपलीत ओततात, खोका चपटा करून रद्दीत जातो. सालीवरचं औषध घरी येतं, सालीबद्दलची सूचना रद्दीत जाते.

ही कुणाची चूक किंवा विसरभोळेपणा नव्हे, काही ठिकाणी कायद्यानेच ही वाट मोकळी ठेवली आहे. अमेरिकेच्या अन्न कायद्यातलं कलम ४०३ (एल) वाचा. काढणीनंतर कीटकनाशक वर्गातलं रसायन लावलेलं असेल, तर वाहतुकीच्या पेटीवर त्याचं नाव आणि ते कशासाठी लावलं हे लिहिलंच पाहिजे, असं ते आधी सांगतं. आणि लगेच पुढे म्हणतं की माल पेटीबाहेर काढून किरकोळ विक्रीला मांडला, की ही माहिती देण्याची गरज नाही. म्हणजे जो पेटी उचलतो त्याला नाव कळावं आणि जो फळ खातो त्याला कळू नये! हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपलीच काही समजुतीची चूक होतेय असं वाटून पुन्हा वाचलं होतं.

युरोपची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे लिंबूवर्गीय फळांवर काढणीनंतर वापरलेल्या परिरक्षकांचा, म्हणजे माल टिकवणाऱ्या रसायनांचा, उल्लेख लेबलवर हवा, असा नियम आहे. स्पेन त्याविरुद्ध न्यायालयात गेला. आमच्याच फळांना ही सक्ती का, इतरांना का नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. २०१४ मध्ये आणि अपिलात २०१६ मध्ये स्पेन हरला, नियम टिकला. स्पेनच्या बागायतदारांच्या त्या मुद्द्यात मला मात्र तथ्य दिसतं. सफरचंद, नाशपाती, केळी, आंबा यांवरही काढणीनंतर बुरशीनाशकं वापरली जातात. मग लिंबा-संत्र्यांची सक्ती काढून टाकण्याऐवजी ती सगळ्या फळांना लावा, सगळे सारखे होतील.

यात नावांचा खेळही आहे. युरोपात एके काळी बायफिनाइल, ऑर्थोफिनाइलफिनॉल आणि थायाबेंडाझोल यांना अन्नातल्या परिरक्षकांसारखे ई २३० ते ई २३३ असे क्रमांक होते. पुढे ती त्या यादीतून निघाली आणि जी वापरात राहिली ती कीटकनाशकांच्या कायद्याखाली गेली. बरणीतल्या पदार्थात परिरक्षक घातलं तर बरणीवर लिहायचं. सालीवर लावलेलं मात्र 'कीटकनाशक' ठरतं, म्हणून घटकांच्या यादीचा नियम त्याला लागत नाही. टिकवण्याचं काम तेच, नुसतं कपाट बदललं.

फळावरच्या त्या इवल्याशा स्टिकरचंही सांगते, कारण मोबाइलवर त्याबद्दल बरंच काही फिरत असतं. त्यावरचा चार अंकी आकडा गल्ल्यावर बसलेल्यासाठी असतो. फळ कोणतं, जात कोणती, भाव कोणता लावायचा, एवढंच तो सांगतो. आधी ९ लागून पाच अंक झाले तर सेंद्रिय. फळ कशात बुडवलं याचा त्यात शब्द नसतो. स्टिकर चिकटवायला मात्र जागा सापडते.

दुसरी तक्रार त्या एका ओळीच्या उत्तराची. "कायदेशीर मर्यादेत आहेत" हे ऐकून माणसाला वाटतं की या रेषेच्या आत आरोग्याला धोका नाही आणि बाहेर आहे. तुम्हाला माहीत आहे की ती रेषा तशी आखलेली नसते. औषध सांगितल्याप्रमाणे वापरलं तर जास्तीत जास्त किती अवशेष राहील, त्यावरून ती ठरते. आरोग्याचा हिशेब वेगळा करून नंतर तिच्याशी ताडून पाहतात. ठीक आहे, पद्धत वाईट नाही. पण हा अवशेष मोजतात तो सालीसकट अख्ख्या फळावर. लिंबूवर्गीय फळांत इमाझालिल बहुतांशी सालीतच बसतं, गरात फार थोडं उतरतं. गर खाणाऱ्याला हे सोयीचं आहे. साल किसणाऱ्याचं काय?

साधा हिशेब मांडते. समजा मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे आणि १०० ग्रॅमचं लिंबू बरोबर त्या रेषेवर आहे. म्हणजे त्यात अर्धा मिलिग्रॅम. साल २५ ग्रॅम धरली आणि सगळं औषध तिच्यात आहे असं मानलं, तर नुसत्या सालीत ते किलोला २० मिलिग्रॅम पडतं, चौपट. आता दुसरी बाजू. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने इमाझालिल रोज, आयुष्यभर किती पोटात गेलं तर चालेल त्याचं प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम धरलं आहे. २० किलो वजनाच्या मुलासाठी ते होतं अर्धा मिलिग्रॅम. एका लिंबाची साल, संपली मर्यादा.

थांबा, लगेच उत्तर लिहायला घेऊ नका. रोज एका लिंबाची अख्खी साल कुणी मूल खात नाही, बहुतेक फळं त्या रेषेच्या बरीच खाली असतात, आणि हे प्रमाण ठरवताना मोठी सुरक्षित फट सोडलेली असते, हे मलाही कळतं. एवढ्याने कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. मी म्हणते ते इतकंच, की साल खाणाऱ्याचा हिशेब गर खाणाऱ्यापेक्षा वेगळा आहे आणि 'मर्यादेत आहे' या दोन शब्दांत तो हिशेब गडप होतो. हे तेच इमाझालिल आहे, ज्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये, प्राण्यांवरच्या प्रयोगांत यकृताच्या गाठी दिसल्यावर, 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात ठेवलं, आणि वापराला परवानगीही चालू ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मोठी माणसं आहोत आम्ही, दोन्ही ऐकू शकतो.

शिवाय मर्यादा म्हणजे कुठली? सफरचंद शीतगृहात महिनोन्महिने राहिलं की सालीवर तपकिरी भाजल्यासारखे चट्टे येतात. ते टाळायला डायफिनाइलअमाइन लावतात. अमेरिकेत सफरचंदावर त्याची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. युरोपने २०१२ मध्ये त्याला मान्यता नाकारली, कारण साठवणीत किंवा रस-मुरंबे करताना त्यापासून नायट्रोसअमाइन ही कर्करोगाशी जोडली जाणारी रसायनं तयार होतात का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर उत्पादकांना देता आलं नाही. पुढे तिथली मर्यादा ०.१ मिलिग्रॅमवर आणली. शंभर पटींचा फरक! ०.१ तरी का ठेवली, तर जुन्या लाकडी पेट्यांना आणि शीतगृहांच्या भिंतींना हे रसायन इतकं मुरलेलं असतं की न लावलेल्या सफरचंदालाही ते लागतं. हे वाचून मला आमच्या पॅकहाऊसच्या पेट्या आठवल्या. त्या आम्ही कधी बदलल्या हे नोंदवहीत लिहायला रकानाच नव्हता.

मर्यादा प्रत्येक रसायनाची वेगळी असते, ही त्याच तक्रारीची शेपटी. मी नोंदवही हातात घेतली तेव्हा टाकीत एकच औषध असायचं. तिसऱ्या वर्षी त्याने बुरशी आटोपेना. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आता ही त्याला सरावली आहे, मानत नाही." मग दुसरं आलं, पुढच्या हंगामात मेणात तिसरं. प्रत्येक आपापल्या रेषेच्या आत, म्हणजे कागदावर सगळं ठाकठीक. तिघांचं मिळून काय होतं, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती. युरोपच्या प्राधिकरणाने अनेक कीटकनाशकांच्या एकत्रित परिणामाचं पहिलं मूल्यमापन प्रसिद्ध केलं ते २०२० मध्ये. आणि बुरशी औषधाला सरावण्याचा प्रश्न टाकीपुरता राहत नाही. कॅन्डिडा ऑरिस ही रुग्णालयांत जीवघेणी ठरणारी, अनेक औषधांना न जुमानणारी बुरशी २०२२ मध्ये दिल्लीच्या संशोधकांना साठवलेल्या सफरचंदांच्या सालीवर सापडली. झाडावरून नुकत्याच काढलेल्या सफरचंदांवर ती नव्हती. कारण-परिणाम यातून सिद्ध झालेला नाही. पण जी माणसं रोज त्या टाकीत हात घालतात त्यांनी तरी हे कानावर घ्यावं.

तिसरी तक्रार माझ्या घरातली आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच मी सालीच्या मागे लागले. माझ्या मुलीला दमा आहे. सल्फाइट या माल टिकवण्याच्या रसायनाने दम्याच्या काही रुग्णांना झटका येतो. शंभरात तीन ते दहा जणांना, असा अंदाज नेहमी दिला जातो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिने वाटीभर द्राक्षं खाल्ली आणि तासाभरात तिला धाप लागली. द्राक्षांमुळेच लागली असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "खाण्यात सल्फाइट होतं का?" सहा वर्षं नोंदवही लिहिलेल्या बाईला आपल्या मुलीच्या डॉक्टरांना त्याचं उत्तर देता आलं नाही.

द्राक्षं करड्या बुरशीने कुजू नयेत म्हणून ती सल्फर डायऑक्साइडच्या धुरीत ठेवतात किंवा पेटीत वरून एक कागदी पॅड घालतात. पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची भुकटी असते. पेटीतल्या ओलाव्याने ती हळूहळू वायू सोडते. पॅड दोन थरांचा असला तर एक थर पहिल्या काही दिवसांत जोरात वायू सोडतो आणि दुसरा पुढचे आठवडे सावकाश. उत्तम युक्ती आहे. पण वायू पेटीत सगळीकडे सारखा पसरत नाही. पॅडजवळच्या मण्यांना जास्त लागतो, कधी देठापाशी मणी पांढरट पडतो. तो पांढरटपणा म्हणजे काय हे मला ओळखता येतं. ज्याला येत नाही, त्याला ते मणी नुसते फिके वाटतात. पॅड मला पहिल्यांदा दिसला तो एकदा अख्खी पेटी घरी आणली तेव्हा. सुटी द्राक्षं घेतली तर पॅड दुकानातच राहतो.

आणि सल्फाइट काही नवा शत्रू नाही. दम्याच्या रुग्णांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये कच्ची खायला दिली जाणारी ताजी फळं आणि भाज्या यांवर सल्फाइट लावायला बंदी घातली. द्राक्षावरची धुरी मात्र कीटकनाशक म्हणून दुसऱ्या खात्याकडे राहिली, १० पीपीएमच्या (किलोला १० मिलिग्रॅमच्या) मर्यादेसह. बाटलीबंद किंवा पाकिटातल्या पदार्थात सल्फाइट असेल तर पाकीट ओरडून सांगतं. सुट्या घडाला तोंड नसतं.

चौथी गोष्ट थोडक्यात. तक्रार केली की सल्ला मिळतो, "धुऊन खा." जरूर खावं, माती आणि जंतू जातात. पण २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदावर थायाबेंडाझोल लावून ते धुऊन पाहिलं. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात बारा मिनिटं ठेवल्यावर ८० टक्के निघालं. नळाच्या पाण्याने सोड्याइतकं निघालं नाही. उरलेलं सालीत ८० मायक्रोमीटरपर्यंत शिरलं होतं, तिथे पाणी पोचत नाही. मेणातच मिसळून लावलेल्या औषधाची तर गोष्टच वेगळी. घरी करून बघा, मेण लावलेलं लिंबू कढत पाण्यात घाला. चकाकी जाऊन त्यावर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं. ते मेण आहे. त्याच्यासकट काय निघालं आणि काय राहिलं, हे पाहून सांगता येत नाही. तेव्हा 'धुवा' म्हणून तुमची जबाबदारी आमच्या मोरीत ढकलू नका.

मेणाचं तेवढं आणखी एक. 'खाद्य मेण' या शब्दाखाली ब्राझीलच्या ताडाचं कार्नौबा येतं, किड्यापासून मिळणारी लाख येते आणि पेट्रोलियमपासूनचं मेणही. लाख कीटकजन्य आहे हे शाकाहारी माणसाला कळायला नको? मेण पाण्यात मिसळावं म्हणून काही देशांत मॉर्फोलिन वापरतात, युरोपात त्याला परवानगी नाही. हे सगळं 'चकाकी' या एका शब्दात बसवलं जातं.

तुमची बाजू मी ऐकलेली आहे, पॅकहाऊसच्या बैठकीत चहा प्यायला मीही असायचे. "नावं लिहिली तर लोक घाबरतील, फळं खाणं सोडतील." फळं सोडणं हे बुरशीनाशकापेक्षा केव्हाही वाईट, मान्य. पण न सांगितल्याने काय होतं, ते बांगलादेशात दिसलं. तिथे फळांत फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, घालतात ही भीती इतकी पसरली की २०१४ च्या सुमारास टनावारी आंबे आणि इतर फळं जागीच नष्ट केली गेली. नंतर कळलं की ज्या यंत्राने तपासणी झाली ते हवेतलं फॉर्माल्डिहाइड मोजण्यासाठी बनवलेलं होतं, फळांसाठी नव्हे. आणि फॉर्माल्डिहाइड तर फळांत मुळातच असतं, नाशपातीत किलोला ३८ ते ६० मिलिग्रॅम. ज्यांनी काही घातलं नव्हतं त्या शेतकऱ्यांचाही माल रोलरखाली गेला. खरी यादी लोकांसमोर नसली की खोटी यादी तिची जागा घेते, आणि मग तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मागण्या. बंदीची मागणी मी करत नाही, हे पुन्हा सांगते.

सुट्या फळांच्या टोपलीवर जिथे भावाची पाटी असते, तिथेच काढणीनंतर लावलेल्या प्रत्येक रसायनाचं आणि मेणाचं नाव लिहा. खोक्यावर 'साल खाण्यासाठी नाही' असेल तर तेही, भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात. हा नियम सगळ्या फळांना लावा.

स्टिकरवर लॉट क्रमांक द्या आणि त्या क्रमांकावर टाकीची नोंद कुणालाही पाहता येऊ द्या. नोंद आहेच, नव्याने काही लिहायचं नाही. फक्त कुलूप काढायचं आहे.

द्राक्षांवर सल्फर डायऑक्साइड वापरला असेल तर तो १० पीपीएमच्या वर आहे की खाली याची वाट न बघता जाहीर करा. सुट्या घडांच्या टोपलीत पॅड किंवा त्याची पट्टी ठेवायला काहीच खर्च येत नाही.

अवशेषांचे अहवाल प्रसिद्ध करताना 'मर्यादेत' असा शिक्का मारून थांबू नका. आकडा द्या, आणि ज्या फळांची साल लोक वापरतात त्यांचा सालीतला आकडा वेगळा द्या. एकाच फळावर किती रसायनं सापडली, हेही त्याच ओळीत.

साठवलेल्या फळावर काढणीचा महिना लिहा. १-एमसीपी हा वायू फळाला इथिलीन या पिकवणाऱ्या वायूची हाक ऐकूच येऊ देत नाही, म्हणून सफरचंद नियंत्रित हवेत वर्षभरही ताजंतवानं दिसतं. त्याचा अवशेष नगण्य राहतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षापूर्वीचं फळ 'ताजं' म्हणून विकताना महिना सांगायला हरकत कसली?

आणि पॅकहाऊसवाल्यांनो, तुम्हाला वेगळी विनंती. बिनऔषधाच्या वाटा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. खाण्याच्या सोड्याचं कोमट द्रावण हिरव्या बुरशीवर चालतं, आंब्याला ५२ ते ५५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटांची बुडी करप्यावर चालते. दोन्हींना मेहनत जास्त आणि बुरशीनाशकाएवढी खात्री नाही, म्हणून मागे पडतात. जे लांब जाणार नाही, आठवड्यात संपणार आहे, त्या मालाला तरी पूर्ण टाकीतून काढायची खरंच गरज असते का? आमच्याकडे असायची ती केवळ सवयीने. शिवाय थायाबेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं, ढवळणी बंद पडली की काही फळांवर थर आणि काहींवर काहीच नाही. आमची ढवळणी बंद पडायची. ते मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे आणि माल तरीही जायचा. टाकी घासायला उतरणाऱ्या बायकांना हातमोजे मिळायचे, पण भोक पडलं की नवे यायला आठवडा लागायचा. त्याचा तर रकानाही नव्हता.

अन्न सुरक्षा कार्यालयाला माझा मूळ प्रश्न या पत्रातून पुन्हा पाठवते आहे. ज्या लिंबांबद्दल मी विचारलं होतं, त्यांच्यावर काढणीनंतर कोणती रसायनं लावली, कोणत्या तारखेला, आणि सालीत प्रत्येकाचं प्रमाण किती? त्या लिंबांतलं एक मी मुद्दाम ठेवलं आहे, ओट्यावर, उघडं. आज त्याला त्रेसष्ट दिवस झाले. थोडं सुकलंय, पण बुरशीचा एक ठिपका नाही. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं त्याचं नाव कळवावं.

कळावे,
टाकीची नोंदवही लिहिणारी एक माजी कर्मचारी, आता केवळ ग्राहक